चार बिल्ल्यांचा एकच आकडा

१

"सर, तुमच्या कारखान्यातली हवा जर एवढी स्वच्छ आहे, तर आमच्या शेजारच्या पूंगोडी अत्तैला पायातली चप्पल निसटून मागं राहिलेली का कळत नाही?"

प्रश्न माझाच होता, पण तो विचारायची पैज माझ्या मैत्रिणींची, फर्हीन आणि ब्यूलाची होती. विचारलं तर आठवडाभर मधल्या सुट्टीत कुस्का त्यांच्याकडून. आता बिर्याणीचा नुसता भात का असेना, आठवडाभर मिळत असेल तर मी कलेक्टरलासुद्धा प्रश्न विचारीन. शिवाय जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माइक दिसला की माझे हात शिवशिवायला लागतात. मला वाटायचं स्पर्धा अम्माच्या हातच्या वेणीमुळं जिंकायची असते. पण स्पर्धेच्या आदल्याच दिवशी, शुक्रवारी, तिची दोन बोटं दोसाच्या तव्यावर भाजली होती, आणि वेणी फर्हीननं घातली. तिरकी. तरी जिंकले.

तर, आंबूरातल्या आमच्या शाळेत सुरक्षा सप्ताहाचं भाषण द्यायला धनशेखर सर आले होते. बुटांच्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. शाळेतल्या निम्म्या मुलींच्या अम्मा त्यांच्याच कारखान्यात. माझीही. अकरा वर्षं ती बुटांना तळ चिकटवायचं सोल्यूशन लावते.

कुणीतरी खोकलं. धनशेखर सर हसले.

"बाळ, सोल्यूशन वाळताना जी वाफ निघते, तिला हद्द घालून दिलेली आहे. हवेच्या दहा लाख भागांत पन्नास भाग. आठ तासांची सरासरी. आमच्याकडं किती निघाले, माहितीय? तीन. चार बायकांच्या गळ्याशी बिल्ले लावून दिवसभर मोजलंय, चेन्नईहून माणूस बोलावून. माणूस खोटं बोलेल, बिल्ला बोलत नाही."

टाळ्या पडल्या. मी बसणारच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "तू कनगाची मुलगी ना? मग मला काय विचारतेस? घरी विचार. त्या चौघींत तुझी अम्मापण होती."

ब्यूलानं माझ्याकडं बघितलं. मी फर्हीनकडं. अम्मानं घरी बिल्ल्याचा शब्दसुद्धा काढला नव्हता.

२

पूंगोडी अत्तै आमच्या भिंतीला भिंत लागून राहते; सख्खी नाही, तरी मी तिला अत्तै, आत्या म्हणते. पूर्वी ती चालत यायची तेव्हा पैंजणांवरून कळायचं. आता भिंतीवरून हात घासत येते, ते कळतं.

तिच्या पायाच्या बोटांपासून सुरुवात झाली. मुंग्या, मग मुंग्याही नाहीत. मग हाताची बोटं. साडीला पिन लावता येईना. तिनं सहा महिन्यांपूर्वी कारखान्यातलं काम सोडलं, सगळ्यांना वाटलं आता उतार पडेल. पडला नाही. सोडल्यावरसुद्धा दोन महिने वाढतच गेलं. नवरा नाही, मूलबाळ नाही. भरपाईचा अर्ज केलाय. सोमवारी तिरुपत्तूरला कामगार अधिकाऱ्यापुढं शेवटची सुनावणी.

"अत्तै, कंपनीनं तुला कागद दिलेत ना, ते दाखव."

"तुला काय करायचेत? पैज लावलीस वाटतं कुणाशी?"

"तुला कसं कळलं?"

"तुझं नाक फुगलंय." ती हसली, आणि मग नाही. "पेटीत आहेत. इंग्रजीत आहेत. माझ्या काय कामाचे?"

मी वाचून दाखवले. बाकीची पानं शिक्क्यांनीच भरलेली. कामाचं पान एकच होतं, त्यावर बिल्ल्यांचे आकडे.

पूंगोडी, सोल्यूशनचं टेबल: तीन पूर्णांक एक.
कनगा, सोल्यूशनचं टेबल: तीन पूर्णांक एक.
अंजलै, वरच्या मजल्यावर कटिंग: तीन.
तबस्सुम, दाराशी पॅकिंग: तीन पूर्णांक एक.
पाचवा बिल्ला, तुलनेसाठी, कुणालाच न लावलेला: शून्य.

आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: पहिल्या चारही बिल्ल्यांत कापूर आढळला. पाचव्यात नाही.

"कापूर?" मी म्हणाले. "सोल्यूशनमध्ये कापूर घालतात?"

अत्तै खिडकीबाहेर बघत होती. "असू दे गं तेनू. सोमवारी हरले तर हरले. तू परीक्षेचं बघ."

"हरले तर खाणार काय?"

"तुझ्या अम्माच्या हातचं खाते तसंच खाईन." मग हळूच म्हणाली, "कागद ठेव पेटीत. आणि कनगाला सांगू नकोस, वाचलास म्हणून."

जिचं आयुष्य त्या कागदावर अडकलंय, तीच तो लपवत होती. कुणासाठी?

३

मर्सी टीचर आम्हाला रसायन शिकवतात आणि त्यांचा स्वभाव आम्लाचा आहे. तरी शुक्रवारी त्यांनी मधली सुट्टी सोडून मला बसवून घेतलं.

"बिल्ल्यात कोळशाची पूड असते," त्या म्हणाल्या. "स्पंज पाणी पितो तशी ती वाफ पिते. बिल्ला कुणाचा, हे तिला कळत नाही. जिथं दिवसभर ठेवाल, तिथली हवा ती पिणार. एवढंच."

"आणि पन्नासच्या खाली असेल तर काही होत नाही?"

"कोण म्हणालं? हद्द म्हणजे आठ तासांचा हिशोब. तुझी अम्मा किती तास करते?"

"ऑर्डर असली की बारा."

"मग? आणि ब्रश पोचत नाही तिथं बोटानं लावतात ना? कातडीतून जातं ते कुठला बिल्ला मोजणार?" टीचरनी चष्मा काढला. "ही वाफ नसा खाते, तेनमोळी. सगळ्यात लांबच्या आधी. पायाची बोटं, मग हाताची. वासावर विसंबू नकोस, नाकाला तासाभरात सवय होते. आणि काम सोडल्यावरही काही महिने वाढत राहतं. पुढं थोडं परत येतं. सगळ्यांचं सगळं येत नाही."

मी तो कागदाचा तुकडा पुढं केला. आकडे मी उतरवून घेतले होते. टीचर बघत राहिल्या.

"टीचर, सोल्यूशनच्या टेबलावर डोळ्यांतून पाणी येतं. मी डबा द्यायला गेलेय तिथं. वर कटिंगमध्ये फक्त कातड्याचा वास. दाराशी तर वारा असतो. मग चौघींचा आकडा एकच कसा?"

"तूच सांग."

वर्गाबाहेर घंटा झाली.

"कारण त्या दिवशी बिल्ले चार जागी नव्हतेच," मी म्हणाले. "चारही एकाच जागी होते. आणि तिथं कापूर होता."

४

शनिवारी मी वहीत तीन नावं लिहिली. बिल्लेवाला जेबराज. धनशेखर सर. सुपरवायझर निसार भाई. ब्यूला म्हणाली, गुन्हेगार नेहमी सगळ्यात गोड बोलणारा असतो. फर्हीन म्हणाली, मग तो कुस्कावाला.

जेबराजचा नंबर कागदावरच होता. फोन केला.

"मी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी बिल्ले लावले आणि लगेच दुसऱ्या कारखान्यात गेलो," तो म्हणाला. "संध्याकाळी येऊन काढले. दिवसभर प्रत्येकीवर लक्ष ठेवायचं असतं खरं, पण एका माणसाला दोन कारखाने देतात. कापूर बघून मीही चक्रावलो, म्हणून तर लिहिला. माझ्या बॅगेत असता, तर पाचव्या बिल्ल्यातही आला असता ना, बाळ? तो त्याच बॅगेत होता."

खरं होतं. एक नाव खोडलं. मग विचारलं, "बिल्ले लावताना बायका काही म्हणाल्या?"

"काही नाही. नावं लिहिताना मात्र बघत होत्या. प्रत्येक बिल्ल्यावर नाव लिहावं लागतं. एकीनं विचारलं, नाव कशाला? मी म्हटलं, अदलाबदल नको म्हणून."

निसार भाई गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत होते. मला बघून अर्धा चहा माझ्या पेल्यात ओतला.

"सकाळी लावलेले बघितले, संध्याकाळी काढलेले बघितले. मध्ये माझं लक्ष जोड्यांवर, बेटी. वरून निळा कोट असतो, आत बिल्ला आहे की नाही, बायकांच्या कोटात मी डोकावू? आणि वार शुक्रवार. दुपारी मी नमाजला गेलेलो."

"धनशेखर सर?"

"ते त्या दिवशी चेन्नईत होते. आणि त्यांना लबाडीच करायची असती तर बिल्ले स्वतःच्या गार केबिनमध्ये नसते टांगले? तिथं कापूर कुठला?"

दुसरं नावही गेलं. "मग कापूर कुठं असतो, भाई?"

त्यांनी पेला खाली ठेवला. माझ्याकडं बघितलंच नाही.

"मागच्या जिन्याच्या वळणावर मारिअम्मन देवीचा देव्हारा आहे. उघडी जागा, चांगला वारा. शुक्रवारी बायका सकाळ-दुपार आरती करतात. मी तिकडं जात नाही. तिथं माझं राज्य नाही."

"कुणाचं आहे?"

"घरी जा, बेटी," ते म्हणाले. "ऊन वाढलंय."

परत येताना तबस्सुम अक्का बाजारात दिसली. मी सरळच विचारलं, की अक्का, देव्हाऱ्यात बिल्ले कुणी नेले?

तिच्या हातातली पिशवी थांबली. "आमच्या हातून कुणी हिसकावले नाहीत गं," ती म्हणाली. "आम्हीच दिले. जिला डोळे मिटून द्यावं, तिला दिले."

मी वही उघडली. तिसरं नाव खोडलं. चौथं लिहायला पेन टेकवलं आणि हात पुढं जाईना.

५

रविवारी सकाळी अम्मा ओट्यावर बसली होती. पुढ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग आणि केळीचा दोरा. "तेनू, जरा गजरा ओवून दे गं. डोळ्यांना दिसत नाही हल्ली."

अप्पा दारात रिक्षा पुसत होते. मी अम्माशेजारी बसले. कळ्या ओवल्या नाहीत.

एकेकाळी अम्मा माझ्याशी भांडता भांडता, हाताकडं न बघता हातभर गजरा ओवायची. गजऱ्याला डोळे कधीच लागत नव्हते. लागायची ती बोटं.

"अम्मा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुझी बोटं कशानं भाजली?"

"दोसाच्या तव्यानं. सांगितलं नव्हतं?"

"त्या आठवड्यात आपला गॅस संपला होता. अप्पा रोज इडली-इडिअप्पम बांधून आणत होते. मी त्या शुक्रवारी स्टेजवरच्या भाषणाचं पाठांतर इडिअप्पम खात केलं."

रिक्षा पुसायचा आवाज थांबला.

"बिल्ले लावले, तोही शुक्रवारच होता," मी म्हणाले. "तोच. कागदावर तारीख आहे. बिल्ले देव्हाऱ्यात होते. कापराची आरती तू करतेस. ती बोटं त्या आरतीनं भाजली, अम्मा."

मला वाटलं होतं ती ओरडेल. मी तयारी करून आले होते, मुद्दे पाठ होते, पहिला, दुसरा, तिसरा. तिनं फक्त पदरानं हात झाकले.

"कुणी सांगितलं? पूंगोडीनं?"

"अत्तैनं काहीच सांगितलं नाही. ती तुला वाचवायला सोमवारी हरायला तयार आहे."

तेव्हा अम्माच्या तोंडावर जे आलं, ते मला परत बघायचं नाही.

"त्यावर नाव लिहीत होते गं," ती म्हणाली. "पूंगोडीचं नाव. माझं. मी विचारलं, नाव कशाला? हवेला मोजायचं तर नाव कशाला? दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं तेव्हाही अशीच नावं लिहिली होती. सात जणींचं वाईट निघालं. विश्रांती घ्या म्हणाले. एकीला तरी परत बोलावलं? मला वाटलं बाईच्या अंगातलं विष मोजतात. पूंगोडी तेव्हा भिंत धरून चालत होती, मीच तिच्या वाटचे बुटांचे जोड करून द्यायचे. म्हटलं हिचा बिल्ला काळा निघेल, उद्या हिला काढतील. एकीचा वेगळा दिसायला नको म्हणून चौघींचे घेतले. मारिअम्मन आईपुढं ठेवले. म्हटलं, आई, यांना स्वच्छ निघू दे."

आणि स्वच्छ निघाले.

पूंगोडी अत्तै तरीही महिनाभर टिकू शकली नाही. जिन्यातून पडली तेव्हा तिनं स्वतःच काम सोडलं. त्यानंतर कधीतरी तो स्वच्छ कागद तिच्याच अर्जाला विरोध म्हणून जोडला गेला. म्हणजे माझ्या अम्मानं मैत्रिणीला वाचवायला तिचा एकुलता एक पुरावा आईच्या पायाशी नेऊन ठेवला होता.

एक गोष्ट माझ्या हिशोबातून सुटली होती. तारखा बघा: पूंगोडीनं काम सहा महिन्यांपूर्वी सोडलं, म्हणजे माझी स्पर्धा आणि तो शुक्रवार सात महिने जुना. तरी अम्माच्या बोटांवर डाग अजून लालसर होता.

"दाखव," मी म्हणाले.

तिनं हात मागं घेतला. मी धरला. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत झालेली. मी नखानं दाबलं. जोरात दाबलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, बोटाकडं नाही.

"दुखतंय?"

"दाबलंस का?" तिनं विचारलं.

अप्पा दारातून आत आले.

"आरतीचं तबक तापलं होतं," अम्मा म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. "मी धरूनच उभी. अंजलै ओरडली तेव्हा कळलं. जळल्याचा वास आला म्हणाली. मला वाटलं आईची कृपा, भाजूनही दुखत नाही."

गल्लीत डेगाचं झाकण उघडलं असणार, बिर्याणीचा वास आला. अप्पा जमिनीवर बसले. एरवी ते कधी जमिनीवर बसत नाहीत, गुडघे दुखतात.

"तू सांगितलंस तर काय होईल, ठाऊक आहे?" अम्मा म्हणाली. "कंपनी म्हणेल बायांनीच लबाडी केली. मला काढतील. मग अंजलैला, तबस्सुमला. आणि पूंगोडीला म्हणतील, तूही त्यात होतीस. आत्ता ती एकटी हरतेय. मग आम्ही चौघी हरू."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ती हरेल."

"आणि तू? सहा महिन्यांनी तूही भिंत धरून चालशील. तेव्हा हाच कागद तुलाही दाखवतील. त्यावर तुझंही नाव आहे, अम्मा. तीन पूर्णांक एक."

मला वाटायचं, कोडं सुटलं की काहीतरी सुटतं. इथं सगळं जुळलं होतं, आकडे, कापूर, तव्याची थाप, आणि कुणीही वाचत नव्हतं. मी स्टेजवर बोलते तेव्हा शेवटी टाळ्या येतात म्हणून मला शेवट करता येतो असं वाटायचं.

"तुझी बारावी, प्लस टू, होऊ दे," अप्पा म्हणाले. "मग बघू. तोवर गप्प राहा, राजाती, माझी राणी."

भिंतीपलीकडं हात घासल्याचा आवाज आला. पूंगोडी अत्तै उठली होती, भिंतीभिंतीनं न्हाणीकडं जात होती. आवाज थांबला, परत सुरू झाला, परत थांबला. आम्ही तिघं ऐकत राहिलो. अम्मानं डोळे मिटले.

मी कळ्यांचा ढीग माझ्याकडं ओढला आणि ओवायला घेतला, कारण नुसतं बसून मला ते बोलता आलं नसतं.

"अम्मा, अप्पा, ऐका," मी म्हणाले. "उद्या मी शाळेत जाणार नाही. अत्तैबरोबर पहिल्या बसनं तिरुपत्तूरला जाणार. चौघींचा आकडा एक कसा, कापूर कुठून आला, ते सगळं सांगणार. तुझं नावही सांगणार, अम्मा. ते म्हणतील बायांनी लबाडी केली. म्हणू देत. मी म्हणेन, त्या चार बिल्ल्यांनी तुमची सोल्यूशनची खोली बघितलीच नाही. अकरा वर्षं त्या टेबलाशी राहून आलेली एकच गोष्ट माझ्याकडं आहे, ती म्हणजे माझ्या अम्माची बोटं. म्हणून तू पण येणारेस. आणि हात पदरात घ्यायचे नाहीत."